पेट्रोलची पिकअप डिझेलवर नेताना

जुनं इंजिन बिघडलं म्हणून मी काढलं नाही. १९७९ची शेव्हरोले के-१० पिकअप, चारही चाकं ओढणारी, आणि तिच्यात एका ओळीतलं सहा सिलिंडरचं ४.१ लिटरचं पेट्रोल इंजिन. चालायला गुळगुळीत, आवाजाला शांत. रस्त्यावर मला त्याच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. अडचण दगडधोंड्यांत यायची. उभ्या चढावर अगदी हळू जायचं तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सतत तोलून धरावा लागायचा. किंचित सैल सोडला की इंजिन बंद पडणार, किंचित जास्त दाबला की चाक जागेवर फिरून खालची माती उकरणार. तासभर असं चालवलं की पोटरी भरून यायची, आणि लक्ष वाटेपेक्षा पायाकडेच जास्त राहायचं.

डिझेलचा फरक इथेच आहे. लोक मायलेजचं बोलतात, आणि मायलेज वाढतं हेही खरं, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे पंपातला गव्हर्नर. आयडलिंगवर चाललेल्या डिझेल इंजिनावर ओझं आलं आणि फेरे उतरायला लागले, की गव्हर्नर आपणहून जास्त डिझेल सोडतो आणि फेरे पुन्हा जागेवर आणतो. पायाला काही करावं लागत नाही. मला अशी गाडी हवी होती.

इंजिन निवडलं कमिन्सचं ४बीटी: चार सिलिंडर, ३.९ लिटर, टर्बो, सगळं यांत्रिक. याच मालिकेतलं सहा सिलिंडरचं भावंड ५.९ लिटरचं, आणि दोघांचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड असे कितीतरी भाग सारखे, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची चिंता कमी. कॅमशाफ्ट गिअरवर चालतो, म्हणजे टायमिंग बेल्ट तुटण्याची भीती नाही. मालवाहू व्हॅनमध्ये येणाऱ्या आवृत्तीची ताकद १०५ अश्वशक्ती. हा आकडा ऐकून बरेच जण नाक मुरडतात. पण टॉर्क ३६० न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही मिनिटाला फक्त १,६०० फेऱ्यांना. उलट बाजूही तितकीच खरी आहे: हे इंजिन २,५०० फेऱ्यांच्या पुढे जायला बनलेलंच नाही. म्हणजे आयडलिंगच्या ८०० पासून २,५०० पर्यंत एवढाच पट्टा. पुढची सगळी मेहनत बाकीची गाडी या अरुंद पट्ट्यात बसवण्याची होती. इंजिन चासीत उतरवणं हा त्यातला छोटा भाग.

वापरलेलं इंजिन विकत घेताना मी एक गोष्ट सोडत नाही. ते आपल्यासमोर थंड अवस्थेतून सुरू व्हायला हवं. सकाळपासून तापवून ठेवलेलं इंजिन काहीच सांगत नाही. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवायचं. जागेवर थरथरत राहिलं तर रिंगा ठीक, उडून पडलं तर सिलिंडरमधलं प्रेशर खाली चेंबरात, म्हणजे ऑइलच्या भांड्यात, उतरतंय. मग टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. बाजूला अगदी किंचित खेळ चालतो, पण पातं घराला घासता कामा नये. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नको, चेंबरातल्या ऑइलला दुधाळ रंग नको. गरम झाल्यावर निळा धूर टिकून राहिला तर ते इंजिन तिथेच सोडावं.

इंजिन बाहेर असताना करायचं एक काम मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. या मालिकेच्या जुन्या इंजिनांत पुढचं गिअर केसिंग नेमक्या जागी धरायला एक पोलादी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ती सरकत बाहेर येऊ शकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडू शकते. तसं झालं तर गिअरचे दात आणि केसिंग दोन्ही जातात. या इंजिनांवर काम करणारे तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. पुढचं कव्हर काढून पाहिलं, माझी पिन जागेवरच होती. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी अशी कसली की पिनेला बाहेर यायला वाटच उरली नाही. त्याच वेळी पुढचं ऑइल सीलही बदललं. इंजिन गाडीत बसल्यावर हेच काम रेडिएटर आणि पंखा काढूनच करावं लागलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. अशा बदलात इंजिन नंबर बदलतो आणि नोंदणीतलं इंधनही बदलतं. त्यामुळे आपल्याकडचा नियम आधी पाहावा, लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि मगच पाना हातात धरावा.

जुनं इंजिन उतरवणं सरळ होतं. इंजिन कुठे बसवायचं हे ठरवताना मात्र मी पुढून मोजमाप सुरू केलं नाही, मागून केलं. या गाडीत एसएम-४६५ हा चार गिअरचा गिअरबॉक्स आणि त्यामागे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा एनपी-२०५ ट्रान्सफर केस आहे. दोन्ही भक्कम, आणि ट्रान्सफर केस तर बिडाचा, आतून पूर्ण गिअरचा. ही जोडी जिथे होती तिथेच ठेवायची हे पहिलं ठरवलं. ती हलली नाही तर दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी तीच राहते, जॉइंटचे कोन तेच राहतात, गिअरचे दांडे त्याच भोकांतून वर येतात. मग इंजिन गिअरबॉक्सला जिथे येऊन भिडेल तीच त्याची जागा. काढलेलं इंजिन सहा सिलिंडरचं होतं, त्यामुळे लांबीला जागा भरपूर. उंचीचं मात्र तसं नव्हतं. हे डिझेल उंच आहे. वर बॉनेट, खाली पुढचा अ‍ॅक्सल, आणि त्या दोन्हींच्या मध्ये चेंबर.

चेंबर आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर गाडी चाकांवर उभी असताना मोजून भागत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की अ‍ॅक्सल वर येतो, पार बंप स्टॉपला, म्हणजे चासीवरच्या रबरी अडथळ्याला, टेकेपर्यंत. म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे सोडले, जॅकने अ‍ॅक्सल बंप स्टॉपपर्यंत उचलला, आधी एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने, आणि त्या स्थितीत चेंबरखाली बोटं सरकतात का ते पाहिलं. तिथे जागा उरली तरच ती जागा खरी.

वजनाचाही विचार इथेच करावा लागतो. ४बीटी कोरडं ३४० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे जुन्या इंजिनापेक्षा शंभर किलोहून बरंच जास्त, आणि हा सगळा भार पुढच्या चाकांवर. मूळ पाटे ठेवले असते तर गाडीचं नाक खाली बसलं असतं, आणि आत्ताच मोजलेलं ते अंतरही खोटं ठरलं असतं. म्हणून जास्त भाराचे पाटे आणि त्यांना साजेसे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आधी बसवले, माउंटिंगचं वेल्डिंग नंतर.

माउंटिंगवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. एका ओळीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण मारून टाकतात. चार सिलिंडरमध्ये तसं होत नाही. क्रँकच्या एका फेरीत दोनदा वर-खाली असा झटका शिल्लक राहतो, आणि या इंजिनाला तो शमवणारे बॅलन्स शाफ्ट नाहीत. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला साधारण सत्तावीस झटके. माउंटचं रबर कडक असेल तर ते सगळे चासीत उतरतात, आणि आरसे, डॅशबोर्ड, दारांच्या काचा, ड्रायव्हरचे दात सगळं एकदम वाजू लागतं. ताकदीच्या नावाखाली पॉलियुरेथेनचे टणक माउंट लावायची पद्धत आहे. या इंजिनासाठी मला ती साफ अमान्य आहे. इथे मऊ, जाड रबर हवं, इतकं मऊ की इंजिनाची स्वतःची डोलण्याची गती त्या सत्तावीसच्या बरीच खाली राहील. आणि मग मऊ माउंटवर इंजिन सुरू होताना-बंद होताना चांगलंच हलणार हे धरून चहूबाजूंनी जागा सोडायला हवी.

मेस्त्री वेल्डिंगला आले तेव्हा त्यांनी आधी इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “एवढं अंतर कशाला सोडलंय? पंखा अजून जवळ बसेल की.”

“इंजिन हलणार आहे, मेस्त्री.”

“मग आज फक्त टॅक मारू. तुम्ही एकदा चालू करून बघा. पक्कं वेल्डिंग नंतर.”

तेच केलं. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, इंजिनाचा पूर्ण भार माउंटवर, आणि ब्रॅकेट नुसते टाक्यांवर. भार नसताना पक्कं वेल्डिंग केलं तर भार आल्यावर रबर पिळलं जातं आणि माउंट पहिल्या दिवसापासून तिरके राहतात.

गिअरबॉक्सशी जोडणी सोपी गेली, कारण हे इंजिन ज्या व्हॅनमधून निघालं तिला जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. त्यामुळे त्याच ठेवणीची अ‍ॅडॉप्टर प्लेट इंजिनाला मूळचीच होती. ऑटोमॅटिकची पातळ फ्लेक्स प्लेट काढली आणि तिथे जड फ्लायव्हील, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आली. इथे एक तपासणी मी कोणालाही चुकवू देत नाही. फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेलहाउसिंगचं, म्हणजे क्लचभोवतीच्या घराचं, मधलं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतंय का ते पाहायचं. मधला फरक पाच थाउपेक्षा, म्हणजे ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर त्यासाठी सरकत्या मध्याच्या डॉवेल मिळतात. हे न पाहता बसवलेला गिअरबॉक्स चालतो, पण क्लच चिकटतो, पायलट बेअरिंग लवकर जातं, आणि कारण कोणाला सापडत नाही.

या इंजिनाचा डिझेल पंप डावीकडे आहे आणि टर्बो, एक्झॉस्ट उजवीकडे. जुन्या पेट्रोलचा एक्झॉस्ट डावीकडून उतरायचा, त्यामुळे जुना पाइप निरुपयोगी. उजवीकडूनच पुढचा प्रोपेलर शाफ्टही जातो. टर्बोखालचा पाइप केबिनचा पत्रा आणि शाफ्ट यांच्या मधून काढावा लागला, आणि अ‍ॅक्सल खाली लोंबकळला, वर आला, दोन्ही वेळी शाफ्ट पाइपला लागत नाही ना हे पुन्हा जॅकवरच तपासलं. पाइपमध्ये एक लवचीक तुकडा टाकला. हलत्या इंजिनाला कडक पाइप जोडला तर मॅनिफोल्डला चीर जाते.

ब्रेकचा विषय बऱ्याच जणांच्या शेवटी लक्षात येतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम तयार होतो आणि त्यावर ब्रेक बूस्टर चालतो. डिझेलला ती झडपच नाही. जुनी नळी तशीच जोडली तर तिच्यात व्हॅक्युम येत नाही, टर्बो चालू झाला की उलट प्रेशर येतं. उपाय दोन. वेगळा व्हॅक्युम पंप बसवायचा, किंवा पॉवर स्टीअरिंगच्या पंपाच्या तेलावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर लावायचा. मी दुसरा घेतला. पुढच्या चाकांवर वजन वाढलेलं असताना ब्रेकला जोर जास्त लागणार, आणि हा बूस्टर आकाराने लहान असल्यामुळे गर्दीच्या बाजूला जागाही मोकळी होते. त्यात एक अ‍ॅक्युम्युलेटर असतो. इंजिन अचानक बंद पडलं तरी त्यात साठलेल्या प्रेशरवर काही वेळा ब्रेक लागतो. चढावर चालवणाऱ्याला ही गोष्ट मोलाची आहे.

टाकी उतरवून पूर्ण धुतली. हा रोटरी पंप आतून डिझेलनेच वंगण घेतो, पेट्रोलचा अंश राहिला तर ते वंगण पातळ होतं. टाकीतल्या उचल-नळीच्या टोकाची बारीक जाळी काढली, कारण पेट्रोलसाठीची ती जाळी डिझेलमध्ये तुंबते. न वापरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्न लाइन नवी टाकली आणि लिफ्ट पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर. रेडिएटर मोठा बसवला, पंखा बेल्टवरचाच ठेवला. वायरिंगचं काम इतकं कमी की हायसं वाटलं. इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी सगळ्या गेल्या. इंजिन चालू राहायला एकच वायर लागते, पंपावरच्या बंद करणाऱ्या सोलेनॉइडची. ग्लो प्लग या इंजिनाला नसतात. कॉम्प्रेशन साडेसतराच्या आसपास असल्यामुळे सेल्फला मात्र दमदार बॅटरी आणि जाड केबल हवी. आरपीएम मीटर पूर्वी कॉइलवरून चालायचा, आता आल्टरनेटरवरून चालतो.

सुरू करण्याच्या दिवशी घाई नको असं ठरवलं होतं. सोलेनॉइडची वायर काढून ठेवली आणि ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत सेल्फ थांबत थांबत मारला, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला आधी ऑइल पोचलं. मग वायर जोडली, लिफ्ट पंपाची दांडी हाताने मारून फिल्टरपर्यंतची एअर काढली आणि नोझलचे नट थोडे सैल करून सेल्फ दिला. आधी फेस येतो, मग डिझेलची सलग धार. एकेक नट कसत जायचं. या धारेसमोर हात कधीही धरू नये. नोझलचं प्रेशर इतकं असतं की डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि ती जखम बाहेरून लहान दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची असते. हवेच्या तोंडाशी मेस्त्री जाड फळी घेऊन उभे होते. डिझेल इंजिन कधी टर्बोच्या सीलमधून आलेल्या ऑइलवरच धावत सुटतं, तेव्हा चावी काढून ते थांबत नाही. हवा तोडणं एवढाच उपाय. फळीची गरज पडली नाही. इंजिनाने दोन सिलिंडरवर अडखळत सुरुवात केली, पांढरा धूर सोडला, मग तिसरा लागला, मग चौथा, आणि तो जाडाभरडा एकसारखा ठोका सुरू झाला. मेस्त्रींनी फळी खाली ठेवली आणि आधी माउंटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

पक्कं वेल्डिंग झालं आणि रस्त्यावर काढल्यावर कळलं की अर्धं काम अजून शिल्लक होतं, जे आधीच कागदावर मांडून ठेवलं होतं. गाडीला मागे-पुढे ४.११चे क्राउन-पिनियन होते, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टचे ४.११ फेरे, पेट्रोलला साजेसे. ३३ इंची टायरवर, टॉप गिअरमध्ये, २,२०० फेऱ्यांना वेग येतो ताशी ८४ किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे इंजिन ओरडायला लागतं. ३.०८चे क्राउन-पिनियन टाकले की त्याच फेऱ्यांना ११२ येतात. दोन्ही अ‍ॅक्सल एकाच प्रमाणाचे हवेत, नाहीतर फोर-व्हील लावल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील. म्हणून खर्च दुप्पट, पण याला पर्याय नाही.

हळू चालण्याचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा होता. पहिला गिअर ६.५५, ट्रान्सफर केसचा लो १.९६, आणि ३.०८: गुणाकार साडेएकोणचाळीस. पूर्वी तो त्रेपन्नच्या जवळ होता. कागदावर तोटाच दिसतो. प्रत्यक्षात ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला गाडी ताशी सव्वातीन किलोमीटरने, पाय पूर्ण उचललेला असताना, चढ चढते. दगड आडवा आला की ठोका क्षणभर जड होतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो, चाक दगडावर चढतं. पेट्रोलच्या वेळी याहून कमी वेगाचा गिअर असूनही हे जमत नव्हतं.

रस्त्यावर एक जागा अजून बोचते. दुसरा गिअर ३.५८ आणि तिसरा १.७०. २,५०० फेऱ्यांना दुसऱ्यातून तिसरा टाकला की इंजिन बाराशेच्या खाली येऊन पडतं, टॉर्कच्या शिखरापासून लांब, टर्बो निपचित. सपाटीवर हे कळत नाही, भरलेल्या गाडीने लांब चढ असेल तर दुसऱ्यातच राहावं लागतं. पाच गिअरचा बॉक्स लावला तर हे सुटेल, पण मग शाफ्टपासून सगळी मोजणी नव्याने. मला हा गिअरबॉक्स प्रिय आहे, मी तो ठेवला. आणि स्पीडोमीटर: त्याची केबल ट्रान्सफर केसवरून निघते, त्यामुळे क्राउन-पिनियन बदलल्यावर काटा खऱ्या वेगापेक्षा पाव हिस्सा कमी दाखवतो. त्याचा लहान गिअर बदलल्याशिवाय गाडी हमरस्त्यावर नेऊ नये.

पंपावर डिझेल वाढवायचा एक स्क्रू असतो. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, तो फिरवला का? नाही. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमानाचा प्रोब बसवला आहे. लांब चढावर काटा सलग ७०० अंशांच्या वर राहू नये हा माझा नियम, आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर नसताना तो पाळायचा तर स्क्रू आहे तिथेच बरा.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर ऑइल बदललं, माउंटचे आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा कसले, इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावले: इनटेक ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.५१. दोन होज पाइप चासीच्या कडेला घासत होते, त्यांना क्लिप लावून बाजूला घेतलं. आता केबिनच्या पत्र्याला आतून आवाज अडवणारं जाड अस्तर लावायचं आहे, आधी तळाला आणि मग पुढच्या भिंतीला, कारण टॉप गिअरमध्ये शेजारच्याशी बोलायला अजून आवाज चढवावा लागतो.